काही गाळायचं नसतं

३ नोव्हेंबर, सोमवार

मानवी हालअपेष्टांचा इतिहास कुणी लिहायला घेतला, तर चाकणच्या आमच्या ट्रेनिंग रूममधल्या पांढऱ्या फळ्याला त्यात स्वतंत्र प्रकरण द्यावं लागेल. क्वालिटीवाल्यांनी मीटिंग घेतली. फळ्यावर माशाचा सांगाडा काढला — माल खराब का निघाला हे शोधायला हे लोक मासा काढतात — आणि तो काढला परमनंट मार्करने! मी पुसला. घासला. सॅनिटायझर ओतला. मासा अमर आहे. आज प्रेझेंट परफेक्ट मी त्याच्या बरगड्यांमध्ये शिकवला. 'हॅव' एका काट्यात, 'बीन' दुसऱ्यात.

एचआरच्या निरंजनला सांगितलं. वयाने माझ्या भाच्याएवढा. म्हणाला, "मॅडम, नोट केलंय." या मुलाने आजवर जे जे नोट केलंय त्याला वेगळं गोदाम लागेल.

४ नोव्हेंबर

शिकवण्याच्या जन्मात एवढं कळलं — कच्च्याला शिकवता येतं, तो घाबरतो. पक्क्याला शिकवावं लागत नाही, तो बोलण्याआधी विचार करतो. मधला मात्र बोलत सुटतो! माझे सगळे मधले आहेत. दहावी-बारावी झालेले, आयटीआय झालेले, मोबाइलवर इंग्रजी ऐकणारे. "आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स." चूक दाखवली की मान डोलावतात आणि तेच वाक्य पुन्हा म्हणतात, या वेळी आत्मविश्वासाने.

त्यात शिफ्टचा घोळ. तास साडेतीनला, म्हणजे फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर. शिफ्ट दर आठवड्याला बदलते, म्हणून या आठवड्यात अर्धे, पुढच्या आठवड्यात उरलेले अर्धे. निरंजन म्हणतो सिलॅबस पुढे गेला पाहिजे. कुणासाठी, ते त्याने नोट केलेलं नाही.

किसनने तोडगा काढला. हा निघोज्याचा, पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर ऑपरेटर. गालात कायम सुपारी, त्यामुळे त्याचे मराठी आणि इंग्रजी उच्चार सारखेच. "मॅडम, टेन्शन घ्यायचं न्हाई. शिफ्ट बदलताना आमी मशीनचा हँडओव्हर देतोच की. त्यातच कालचा तास बी देऊ."

म्हणजे माझं व्याकरण आता तेलाच्या डब्यांबरोबर हातोहात जाणार! म्हटलं, द्या.

५ नोव्हेंबर

बस कांद्याच्या गाड्यांमागे अडकली, तरी वेळेआधी पोहोचले. गेटवर विजयश्री भेटली. ही किसनच्याच मशीनवर, पण उलट्या शिफ्टला. तो सुटतो तेव्हा ही चढते. मूळची औशाची. डबा काखेत, कार्ड तोंडात, तशीच बोलली.

"मॅडम, लाइन लीडरची मुलाखत है. बाहेरदेशचे पाव्हणे येऊन इंग्लिशमधी घेणारैत. मी नाव दिलंय."

अरे वा, म्हटलं.

"लीडर झालं की जनरल शिफ्ट असती. मग पोरीला हिकडं आणीन. दुसरीला है. आता आमच्या आईपशी ठिवलीय. आमी दोघंबी शिफ्टला, घरी कोण बगणार?"

तिला गृहपाठ किसनबरोबर पाठवायला सांगितलं. 'माय वर्क', दहा ओळी.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सर्दी. तासाला शिंका आवरेनात. डोकं जड. एसीचा रिमोट कोणत्या साहेबाच्या ड्रॉवरमध्ये असतो कोण जाणे! शाल गुंडाळून क्रियापदं शिकवली.

किसनने विजयश्रीचा गृहपाठ दिला. दहा ओळी, अकरा चुका. 'सिन्स फाइव्ह इयर्स' दोनदा! शेवटी मुलगी औशाला असल्याची ओळ. वर्ग पेंगत होता. मी कागद मोठ्याने वाचला आणि म्हटलं, "पोरगी औशाला आहे म्हणून वाचली बिचारी. इथे असती तर रोज आईचं इंग्रजी ऐकावं लागलं असतं. आणि बाई पॅनेलसमोर बोलल्या की पाहुणे परतीचं विमान पकडणार!"

केवढे हसले सगळे! पेंगणारे ताठ बसले. शिफ्ट सुटल्यानंतरचा वर्ग जागा ठेवायला चिमटा लागतोच.

८ नोव्हेंबर

घरी. काढा.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज दुसरा अर्धा वर्ग आला. आल्या आल्या एकजण, "मॅडम, सर्दी कशीय आता?" यांना कसं कळलं? शाल कुठल्या रंगाची होती तेही ठाऊक. आणि 'सिन्स' आणि 'फॉर' बऱ्यापैकी आलं होतं! किसनचा हँडओव्हर कामाचा आहे म्हणायचा. मनातल्या मनात सुपारी माफ केली.

विजयश्री आली नाही. शिफ्ट तर फर्स्ट होती.

११ नोव्हेंबर

आजही नाही. फोन केला, उचलला नाही. ज्यांना गरज त्यांनाच सवड नसते. नवऱ्याने अडवलं असेल. नाहीतर लग्नं सुरू झाली आहेत — ही माणसं चुलत आत्तेभावाच्या साखरपुड्यालाही औशापर्यंत जातात.

१३ नोव्हेंबर

निरंजन जिन्यात भेटला. "मॅडम, तुमचा फीडबॅक एकदम टॉप आहे. बॅच म्हणते, फुल कॉमेडी!"

आयुष्यभराच्या तपाचं हे फळ. फुल कॉमेडी.

मग जाता जाता म्हणाला, "ती विजयश्री... नाव मागे घेतेय म्हणाली. कारण काही सांगत नाही. मी अजून काढलेलं नाही. बुधवारी संध्याकाळी नावं वर पाठवतो, तोवर बोलली तर ठीक."

संतापले. माझ्या घरी येऊन संतापले, कारण जिन्यात शोभलं नसतं. मुलगी आणायची म्हणत होती ना? एवढ्यात दम संपला? या लोकांना शिकवायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी उगाच जीव टाकते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज किसनचा अर्धा वर्ग. तास संपल्यावर त्याला थांबवलं. म्हटलं, तुझ्या मशीनवरच्या बाईंना झालंय काय?

तो सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेत म्हणाला, "त्ये तुमी बोल्ला ना मॅडम, म्हणून."

काय बोलले?

"तुमाला सर्दी हुती त्या शुक्रवारी. पोरगी वाचली, अन् इमान पकडत्याल. मी शनिवारी हँडओव्हर दिला तवा तिला सांगितलं."

मी ओरडलेच. ते कशाला सांगितलंस? तो काय धडा होता?

खरोखर गोंधळला तो. मी विचित्र काही विचारल्यासारखा बघत राहिला. "हँडओव्हरात काही गाळायचं नसतंय मॅडम. मशीन नीट हाय यवढंच सांगितलं, अन् हात आत गेला की मशीन थांबिवणारा सेन्सर मधीच अडकतोय त्ये ऱ्हायलं, तर फुडच्याचा हात जातो. माझ्या चुलत्याची दोन बोटं तशीच गेली. तवापास्नं आमी समदं देतो. काय कामाचं, काय बिनकामाचं, त्ये फुडच्यानं ठरवायचं. तुमी शिकिवलेलं दिलं, सर्दी दिली, बोल्ला त्ये दिलं. कोण कोण हसलं त्येबी सांगितलं."

तू हसलास का?

"व्हय. त्येबी सांगितलं."

मग ती काय म्हणाली?

"हातमोजं घातलं अन् चालू झाली."

त्याच्यावर रागवावं म्हणून फार शोधलं. काही सापडेना! चहाडी म्हणावी तर चहाडी करणारा स्वतःचं हसणं गाळतो. दहा वेळा शिकवूनही 'सिन्स' जेमतेम पोहोचलं होतं, आणि हे मात्र एका फेरीत पोहोचलं, स्वल्पविरामासकट.

१८ नोव्हेंबर

किसनला जेवणाच्या सुट्टीत फोन केला. म्हटलं, आज तीनला विजयश्री येईल तेव्हा हँडओव्हरात माझं एक दे. मॅडम म्हणाल्या, त्यांचं चुकलं, मुलाखत सोडू नकोस. जसंच्या तसं दे.

साडेतीनला वर्गात आला, तोंड एवढंसं.

"घेतला न्हाई तिनं."

म्हणजे?

"म्हणाली, दुसऱ्याच्या हातानं हँडओव्हर नसतोय. ज्येच्या पाळीत झालं त्येनं हुबं राहून द्यायचं. बराबर हाय मॅडम, तसाच रूल हाय."

म्हणजे आता मी प्रेसशॉपमध्ये जाऊ? तिथे हेल्मेट, ते नांगरासारखे बूट, कानात बोळे! आणि सगळ्या लाइनसमोर? मी हिची शिक्षिका आहे, का ही माझी? वय बघा, शिक्षण बघा. आधी राजगुरुनगरच्या कॉलेजात शिकवत होते, तिथे प्राचार्यांचीसुद्धा मी कधी माफी —

नाही. लिहिलं ते पुन्हा वाचलं. प्राचार्यांवर मी त्यांच्या तोंडावर विनोद केले होते. त्यांना उत्तर देता येत होतं.

बुधवारी संध्याकाळी नावं वर जाणार. उद्या बुधवार.

१९ नोव्हेंबर, बुधवार

निरंजनकडून व्हिजिटरचा पास घेतला. बूट दोन नंबर मोठे. तीनला प्रेसपाशी गेले. जाणारी पाळी, येणारी पाळी, सगळे होते. किसन बाजूला झाला.

ओरडूनच बोलावं लागतं तिथे. त्या शुक्रवारी काय बोलले ते पूर्ण सांगितलं. शब्द न बदलता. मग किसनकडे नव्हतंच ते सांगितलं — की तू मला गेटवर मुलीचं सांगितलं होतंस, मला माहीत होतं, आणि तरी वर्गाला जागं ठेवायला मी तेच वापरलं. चूक झाली माझी.

कुणी हसलं नाही. विजयश्रीने सगळं ऐकून घेतलं, मशीनभोवती एक चक्कर मारली, सेन्सर बोटाने दाबून बघितला.

म्हटलं, निरंजनला मी सांगू का, नाव राहू दे म्हणून?

"नगं. माझं मी सांगते, चहाच्या सुट्टीत." हातमोजे चढवले. "मॅडम, पिवळ्या पट्ट्याच्या मागं व्हा. मशीन चालू करायचंय."

मी मागे झाले.