घरची प्रत, दुकानची प्रत

आबा, तुमचं काचीगुड्याचं दुकान गेल्या महिन्यात बंद झालं. लग्नपत्रिका आता बहुतेक लोक फोनवरच पाठवतात, आणि ज्यांना छापायच्या असतात ते तुमच्या मुलाकडे येत नाहीत. तुम्हाला लागावं म्हणूनच हे आधी सांगते आहे. शटर ओढताना तो रडला म्हणे. मी गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी तो दुकानातला जुना कॉम्प्युटर ऑटोत घालून माझ्याकडे आला, मागोमाग त्याची मुलगी. बाहेरच्या खोलीत ते धूड टेबलावर ठेवून म्हणाला, "अक्का, यातलं आणि तुझ्याकडचं एक करून दे. पोरीला आजोबांनी लिहिलेलं वाचून घ्यायचंय." वाचून घ्यायचंय, कारण तिला मराठी वाचता येत नाही. शाळा इंग्रजी, दुसरी भाषा तेलुगू. तुमच्या मुलालाही पाट्यांपलीकडे फारसं येत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतंच. तरी मराठी पत्रिकांचं दुकान तुम्ही त्याला दिलंत.

दोन ठिकाणी दोन कॉम्प्युटर ही तुमचीच व्यवस्था. दिवसा दुकानात मजकूर लावायचा, संध्याकाळी चिक्कडपल्लीच्या घरी तपासायचा, मधे पेन ड्राइव्हची ने-आण. मी नवीन असताना एकदा उलट्या बाजूने कॉपी केलं, आणि घरी दुरुस्त केलेल्या पत्रिकेवर दुकानातली जुनी बसली. नवऱ्या मुलाची आजी मधल्या दिवसांत वारली होती. दुरुस्तीत तिच्या नावाआधी 'कै.' घातलं होतं, छापून आली त्यात ती जिवंत होती आणि अगत्याचं बोलावणं करत होती. गिऱ्हाईक काउंटरशी उभं आहे. तुम्ही गठ्ठ्यातली एक पत्रिका काढून माझ्या हातात देता. "वाच. मोठ्यानं." मी वाचते, आजीच्या नावापाशी अडते. "थांबली कैकू? पुढं वाच." शेवटी तो माणूसच म्हणतो, "जाऊ द्या साहेब, लेकरू हाय." तुम्ही म्हणता, "लेकरू नाही, हौली आहे. बिनडोक." मग गिऱ्हाइकादेखत मला धडा देता. दोन मजकूर आधी ताडून बघायचे, मग एक ठेवायचा, एक पुसायचा. इकडचं थोडं, तिकडचं थोडं, असली खिचडी माझ्या दुकानात नको.

त्यानंतर माझ्या हातून चूक झाली नाही. पुढे सगळं दुकान मीच ओढलं, पाय सुजेपर्यंत उभी राहून. तुमचा मुलगा दुपारी उगवायचा, गल्ल्याशी बसून चहा मागवायचा. आयत्या बिळावर नागोबा. घरच्या कॉम्प्युटरवर तुम्ही आपल्या घराण्याची हकिकत लिहायला घेतलीत, मराठवाड्यातून आपले लोक इकडे कसे आले तिथपासून. त्यात एक वाक्य माझ्याबद्दल होतं. 'थोरलीच्या हाती दुकान आहे म्हणून मला निवांत झोप लागते.' तुम्ही ते मला कधी दाखवलं नाहीत. तपासताना मी वाचलं होतं आणि कितीतरी दिवस त्यावर जगले होते.

मग नातीचं बारसं झालं. पाहुण्यांसमोर तुम्ही सांगत होतात की मुलानं दुकान नावारूपाला आणलं. मला राहवलं नाही. चारचौघांत म्हणाले, "आबा, दुकान मी चालवते. नाव त्याचं कशाला लावता?" तुम्ही पहिल्या पंगतीत जिलेबी वाढत राहिलात. मला वाटलं, ऐकून घेतलंत. त्यानंतर थोड्याच दिवसांत तुम्ही गेलात आणि मी दुकान सोडलं. येताना घरच्या कॉम्प्युटरवरचं सगळं बरोबर आणलं. आता सिकंदराबादला एका ऑफिसात हेच काम करते, दोन मशीनवरच्या फायली ताडून बघण्याचं. तुमच्यापेक्षा बऱ्या शब्दांत शिकवते.

तर परवा मी दोन्ही कॉम्प्युटर जोडले. पडद्यावर डावीकडे घरचं, उजवीकडे दुकानचं. पत्रिका बहुतेक सारख्या निघाल्या. हकिकतीची ओळ तेवढी लाल होती, म्हणजे तिथं दोन प्रतींत फरक होता. घरची प्रत बारशाच्या आदल्या आठवड्यातली, दुकानची त्याच्याही कितीतरी वर्षं आधीची, असं तारखा सांगत होत्या. पण दुकानच्या मशीनमधला, तारीख-वेळ सांभाळणारा सेल संपलेला असायचा. रोज सकाळी चालू केलं की तारीख मागच्या काळात जाऊन बसायची, आणि मी सेल बदला म्हटलं की तुम्ही म्हणायचात, "कैकू? लग्नाची तारीख गिऱ्हाईक सांगतं, मशीन नाही." म्हणून मी दोन्ही प्रती उघडून वाचल्या. दुकानच्या प्रतीत बारसं होतं. म्हणजे तीच शेवटची. माझं वाक्य तिच्यात नव्हतं. त्या जागी मुलानं दुकान नावारूपाला आणल्याचं होतं. थोरली हा शब्द मी अख्ख्या हकिकतीत शोधला. तुम्ही मला जन्मापासून काढून टाकलं होतं.

आणि शेवटी नातीवर एक परिच्छेद. 'बारशाला ती माझ्या मांडीवर झोपली. पंगती उठल्या तरी मी हललो नाही, पाय बधिर झाला. उभ्या जन्मात मी कोणासाठी असा बसून राहिलो नाही.' हे तुम्ही लिहिलंत, आबा. मी तुमची बाकीची सगळी वाक्यं सहन करू शकते, हे नाही.

भाऊ पाठीमागून पडद्यावर वाकला होता. त्यानं तारखाच वाचल्या, आणि तारखांनी घरची प्रत नवी दिसत होती. "नवीन हाय ते ठेव ना अक्का, पुरानं पुसून टाक. इत्ता कायकू विचार करायला? लाइट घे." तुम्ही गेल्यावर तो सेल त्यानंच बदलला होता आणि विसरलाही होता. मी त्याला काही सांगितलं नाही. नातीचा परिच्छेद उचलून घरच्या प्रतीत चिकटवला असता तर दोघींना जागा झाली असती. ते मला सुचलं, चांगलं सुचलं. पण तुम्हाला खिचडी आवडत नाही. मी बाण डावीकडून उजवीकडे वळवला आणि घरची प्रत दुकानच्या प्रतीवर बसवली. दुसरीकडे कुठे काही ठेवलं नाही.

मुलगी स्टूल ओढून जवळ आली. "आत्या, त्यात मी आहे का? आय मीन, तेव्हा मी बॉर्न झाले होते ना?"

"नाहीस," मी म्हणाले.

"पण डॅडी म्हणतात, मी आजोबांच्या मांडीवर झोपले होते."

"ते तुझे डॅडी म्हणतात. लिहिलेलं नाही."

तिनं पडद्यावरच्या ओळींवरून बोट फिरवलं, वाचता येत नसताना. मग म्हणाली, "हौ, मी छोटीच होते ना. आणि तू आहेस?"

"आहे." मी तिला माझं वाक्य वाचून दाखवलं. समजलं नसेल म्हणून अर्थ सांगितला आणि पुन्हा वाचलं. "छान लिहिलंय," असं ती म्हणाली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. तुमच्याबद्दल तिनं पुढे काही विचारलं नाही.

हे तुम्हाला पाठवायची सोय नाही, आणि असती तरी पाठवलं नसतं. तुम्ही वाचून म्हणाला असतात की मुलगी शेवटी माझीच. म्हणून इथंच, तुमच्या माघारी कबूल करते. ती पोर मान खाली घालून बसली होती तेव्हा मला बरं वाटत होतं.