अकराव्या पायरीचा दगड

पिंपळपेठ, ता. आंबेगाव
रविवार, १४ डिसेंबर २०२५, सकाळचे साडेनऊ

चि. सुदर्शन यास,

दादाभाऊकाकाचा नमस्कार. लहानाला आशीर्वाद लिहितात हे मला कळतं, पण आज नमस्कारच लिहितो. इकडे थंडी बरी आहे. तुझी आई खुशाल, सकाळीच भेटून आलो. गुडघा तेवढा धरतो म्हणाली. तू नारायणगावला टोमॅटोच्या गाड्या भरून घेतोस असं गोरख जीपवाल्याकडून कळलं. हे पत्र त्याच्याच हाती पाठवतो. फोन दोनदा लावला होता, तू उचलायच्या आत मीच कापला.

पेठेच्या पाणीयोजनेचं काम पुन्हा सुरू झालं आहे. गेल्या वर्षीच्या पुरात पंपघर बुडालं ते आता वरच्या अंगाला नव्याने होतंय. या खेपेला विचार करून चाललंय. मोटारी सोलरवर. सिमेंट लागेल तेवढंच, पडलेल्या भिंतींचा आणि फुटलेल्या घाटाचा दगड घासूनपुसून परत लावायचा. नदीकाठाला भिंत न घालता बांबू आणि वाळा, म्हणजे पाण्याला पसरायला जागा राहील. दगडकाम माझ्याकडे आहे. चारशे बारा दगड वेचून काढले, प्रत्येकाची लांबी-रुंदी वहीत आहे. सातवी शिकलेल्या माणसाची वही इंजिनिअर बाई मागून घेतात. तेजस्विनी त्यांचं नाव, तुझ्याच वयाच्या.

त्या परवा म्हणाल्या, "काका, तो पूरखुणेचा दगड पायात टाका. फोडून टाकलात तरी चालेल. खोटी खूण गावात नको, लोक परत तिच्यावर विसंबतील."

गेणभाऊंनी, तुझ्या वडिलांनी, कोरलेला दगड. आडवी रेघ, खाली चौऱ्याण्णव साल. मी घण उचलला आणि खाली ठेवला. पोरांना म्हणालो, हात भरून आला.

सुदर्शन, ती खूण खोटी नव्हती.

चौऱ्याण्णवचा पूर उतरला त्या दिवशी तुझ्या वडिलांनी घाटाच्या अकराव्या पायरीवर रेघ मारली. पाण्याकडून मोजत अकरावी. ते गेल्यावर पुढच्या वर्षी, दोन हजार सोळाला, घाटाच्या दुरुस्तीचं काम मी घेतलं. अकराव्या पायरीत पिंपळाचं मूळ शिरलं होतं, तिथे पाच फुटी दगड हवा होता. खुणेचा दगड चार फुटी. सातव्या पायरीत तो इतका नीट बसला की सांधा दिसेना. शिवाय समोरच रेघ आणि साल, येणारा-जाणारा बघेल. मला तेव्हा ती शोभा वाटली. दगड म्हणजे लांबी, रुंदी आणि तोंड, एवढंच मी आयुष्यभर बघत आलो. तुझे वडील त्याच्यात पाणी बघत होते.

चार पायऱ्या खाली. एका पायरीचा चढ साडेसात इंच. एकूण अडीच फूट.

योजनेच्या कंपनीचा इंजिनिअर तेव्हा तू, आणि बुडालेल्या पंपघराचं जोतं तू खुणेच्या वर दोन फूट घेतलंस. पूर जोत्यावर सहा इंच चढला. म्हणजे पाणी बरोबर तुझ्या वडिलांच्या अकराव्या पायरीपर्यंत आलं, ना बोटभर वर, ना बोटभर खाली. दगड जागेवर असता तर मोटारी दोन फूट कोरड्या राहिल्या असत्या. सतरा दिवस पेठ टँकरवर राहिली नसती आणि चुकीची लेव्हल घेतली म्हणून कंपनीने तुला काढलं नसतं.

इथवर वाचून तू म्हणशील, काकाच्या लक्षात आलं नसेल. तसं म्हणू नकोस. तू लेव्हल घ्यायला आलास तेव्हा मापाची पट्टी मीच धरली होती. तू दुर्बिणीला डोळा लावून हसत म्हणालास, "काका, बाकीच्यांना चार म्हातारे गाठून विचारावं लागतं. आमच्या अण्णांनी लिहूनच ठेवलंय." पट्टी दगडाला टेकली आणि त्याच क्षणी मला अकरावी पायरी आठवली. तोंड उघडलं होतं मी. पण शेजारी सगळी पाणीसमिती उभी, नुकतीच घाटाच्या कामाची वाखाणणी चाललेली. म्हटलं, दुपारी एकट्याला सांगू. दुपारी म्हटलं, उद्या. जोतं भरलं त्या दिवशी मी दुसऱ्या गावाला काम काढून गेलो.

आताचं पंपघर गेल्या वर्षीच्या गाळाच्या रेघेवरून धरलंय, ते बुडणार नाही. मी गप्प बसलो तर कुणाचं काही बिघडत नाही. तुमचं दोघा बापलेकांचं सोडून.

म्हणून आज सकाळी तुझ्या आईकडे, ठकूवहिनींकडे गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. दगड हलवल्याचं सांगितलं, पट्टीचं सांगितलं. त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला.

मी म्हणालो, "वहिनी, काहीतरी बोला."

"काय बोलू? पूर आल्यापास्नं पाण्याच्या रांगेत बाया मला म्हनायच्या, तुज्या मालकानं खोटी रेघ वढली. तवा तू आमच्या वट्यावर बसून च्या प्यायचास."

"चुकलो."

"मला कशापायी सांगतोस? माज्या घरात त्यांना खोटं कुनीच म्हनलं न्हाई. जिथं म्हनलं तिथं जाऊन सांग." मग ताट सरकवून म्हणाल्या, "आन् निवडू लाग. मला बारीक दिसंना."

मी अर्धा तास तांदूळ निवडले. अजून एक गोष्ट सांगायची होती, ती त्यांच्यासमोर जिभेवर आली नाही. ती तुला लिहितो.

पूर ओसरल्यावर पंपघराच्या दारात सगळी पेठ जमली होती. तू चिखलात उतरून मोटारीला हात लावून बघत होतास. कुणीतरी विचारलं, "खूण तर गेणभाऊची होती, मग असं कसं झालं?" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. दगडातलं कळणारा मी एकटाच ना. तेव्हा मी म्हणालो, "शेवटी शेवटी म्हाताऱ्याचा हात चुकायचा, राव." चौऱ्याण्णवला तुझे वडील त्रेचाळीस वर्षांचे होते. म्हातारे नव्हते आणि त्यांचा हात कधीच चुकला नाही. हे वाक्य पेठेचं नाही, सुदर्शन. पहिल्यांदा ते माझ्या तोंडून निघालं. बाया रांगेत बोलायच्या ते तिथून उचललेलं.

मंगळवारी सकाळी दहाला समितीची बैठक आहे. सोबत सहीचा जबाब आणि वहीतलं सोळा सालचं पान जोडलं आहे. पानावर 'खुणेचा दगड, ४ फूट, पायरी ७' असं माझ्याच अक्षरात आहे. कंपनीला दाखव, हवं तिथे दाखव. काम माझ्याकडून काढून घेतील, घेऊ देत.

पण तू बैठकीला ये. जबाबात दगड आहे, पट्टी आहे. ते शेवटचं वाक्य नाही. तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा कागद बदलला. तिथे मला ते तोंडाने बोलायचंय, आणि तू समोर नसलास तर मी ते गाळेन. मला माझी सवय माहीत आहे.

पहिल्या रांगेत बस.

तुझ्या वडिलांमागे या पेठेचा मिस्त्री म्हणवून घेणारा,
दादाभाऊ