राक्षस घाईत का मेला

चि. धाकट्यास थोरलीचा आशीर्वाद.

पत्र उघडून 'ही कोण थोरली?' म्हणशील, म्हणून आधीच सांगते: तुला एक बहीण आहे, तुझ्याहून सहा वर्षांनी मोठी, आणि अजून जिवंत आहे. कपाळावरचा चष्मा घरभर शोधणारा माणूस तू, बहीण विसरलास तर नवल नाही. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त करून त्यांना वेळेवर धाडलंस, पण स्वतःला तीन वर्षांत माझ्याकडे यायला वेळ सापडला नाही. असो. तब्येत कशी आहे ते कळव. 'ठीक' एवढंच नको. ठीक तर मीही होते, पुढे वाच.

मी सांगते आहे आणि सूनबाई लिहिते आहे. अक्षरांची आणि माझी तोंडओळखही नाही हे तुला ठाऊक आहे. चाळीस वर्षं कारखान्याच्या कँटीनमध्ये तीनशे माणसांचं रांधलं, पण मसाल्याचा डबा कुठला ते वासाने ओळखलं, चिठ्ठीने नाही. सूनबाई शाळेच्या ग्रंथालयात असते, त्यामुळे लिहील शुद्ध, पण मी म्हणेन तेच लिहायचं असं बजावलं आहे. (तेच लिहिते आहे. — सून.) बघ, लगेच मध्ये बोलली.

तर झालं असं की गेल्या महिन्यात जिन्याच्या शेवटच्या पायरीने मला फसवलं. माझ्या मते पायऱ्या संपल्या होत्या, तिच्या मते एक बाकी होती. गुडघा सुजून भोपळा झाला. डॉक्टरीणबाईने (कालची पोर आहे, पण हात हलका आहे) दुखण्यावर एक जबर गोळी दिली. दुखणं गेलं, आणि जाताना पोटाची हालचालही बरोबर घेऊन गेलं. एक दिवस काही नाही, दोन दिवस काही नाही. मी सकाळी आशेने आत जाऊन बसायची. मुलगा टॉवेल खांद्यावर टाकून दाराबाहेर उभा, "आई, माझी बस जाईल." मी आतून म्हणायची, "तुझी बस तरी जाते, बाबा." चौथ्या दिवशी पोट असं टम्म झालं की साडीच्या निऱ्या खोचायला जागा उरली नाही, आणि घरात माझ्याशी बोलायची कुणाची छाती होईना.

आता खरं तर डॉक्टरीणबाईला फोन करायचा. पण ह्या वयात, त्या पोरीला, असलं काय सांगायचं? म्हणून गेले कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे. तिथेही गिऱ्हाइकं पांगेपर्यंत पंधरा मिनिटं दातांची पेस्ट न्याहाळत उभी राहिले. त्याने मऊपणा आणणाऱ्या कॅप्सूल दिल्या आणि नीट समजावलं: "रोज एक, भरपूर पाण्याबरोबर. हिला दोन-तीन दिवस लागतात आजी, धीर धरा." मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पटाईत आहे.

पण स्वयंपाकी बाईला धीर कसा धरवणार? चुलीवर काही शिजत नसलं तर आम्ही काय करतो? पाणी घालतो, जाळ वाढवतो, चिमूटभर सोडा टाकतो, आणि तरी दाणा टणक लागला तर हाताला येईल ते टाकतो. मी पोटालाही पातेलंच समजले. सकाळी घेतलेल्या कॅप्सूलचा दुपारपर्यंत पत्ता नाही, म्हणून आणखी दोन टाकल्या. संध्याकाळी शेजारची शिंपीणबाई माप घ्यायला आली (गुडघ्यामुळे मला सैल पायजमे हवे होते, ते पुन्हा कधी सांगेन). ती म्हणाली, "मावशी, मऊ करून काय होतंय, ढकलायला नको का?" आणि स्वतःच्या पर्समधून जुलाबाच्या दोन गोळ्या काढून दिल्या. झोपताना त्या घेतल्या. पहाटे उठून पाहते तर सामसूम. मग इसबगोलाच्या भुशाचा डबा काढला, तीन चमचे भरून घेतले, तेही अर्ध्या कप चहात. घशात त्याची अशी खळ झाली की दोन मिनिटं मला सूनबाईचं नावही घेता येईना. (तेवढीच शांतता. — सून.) हे मी सांगितलेलं नाही, तिने स्वतःच्या मनाने घातलं आहे.

नेमका त्याच दिवशी अकरा वाजता शाळेत माझा गोष्ट सांगायचा कार्यक्रम होता. सूनबाईने महिनाभर आधी ठरवलेला. ग्रंथालयात चाळीस पोरं मांडी घालून बसलेली, मोठ्या बाई खुर्चीत, आणि मी मध्ये, कपाटांच्या पुढे. मी आपली सात दारांच्या गुहेतल्या राक्षसाची गोष्ट काढली, लहानपणी आपण अंथरुणात सांगायचो ती. राजपुत्र निघाला, जंगलात शिरला, पहिलं दार उघडलं, सगळं थाटात चाललं होतं. दुसऱ्या दाराशी पोटात गुरगुरलं. पुढच्या रांगेतल्या पोरी कौतुकाने एकमेकींकडे बघायला लागल्या, त्यांना वाटलं राक्षसाचा आवाज आजींनी काढला. तिसऱ्या दाराशी मला घाम फुटला. कॅप्सूल, गोळ्या आणि भुसा, तिघांची वाट मी वेगवेगळी पाहिली होती, आले मात्र तिघे हातात हात घालून.

धाकट्या, त्या राजपुत्राने उरलेली चार दारं एका वाक्यात उघडली. राक्षस दिसला आणि मेला. राजपुत्र घरी गेला, गोष्ट संपली, आणि मी सुजल्या गुडघ्यानिशी अशी चालत सुटले की मोठ्या बाईंना वाटलं आग लागली. मागून एका पोराने विचारलं, "आजी, राक्षस मेला कशाने?" मी वळूनही न बघता म्हणाले, "भीतीने."

पुढचे तीन तास मी कुठे काढले ते तू ओळखलं असशील. दाराबाहेर सूनबाई पाण्याची बाटली घेऊन स्टुलावर बसली होती आणि मला पुस्तकातले विनोद वाचून दाखवत होती. तिचे उपकार मी विसरणार नाही, पण तिच्या तोंडावर कबूलही करणार नाही. (लिहिलं. — सून.) बाहेर आले तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी, ओठ सुकलेले, पायात जीव नाही. तशीच उचलून तिने मला दवाखान्यात नेलं.

तिथे तरी खरं बोलावं ना? डॉक्टरीणबाईने विचारलं, काय होतंय? मी म्हणाले, गुडघा. तिने गुडघा पाहिला, जीभ पाहिली, नाडी पाहिली, मग खुर्ची जवळ ओढून म्हणाली, "आजी, माझ्याकडे दिवसाला वीस जण येतात. त्यातले पाच पोटासाठी येतात, आणि पाचही आधी गुडघा दाखवतात." मग मी सगळं ओकले, म्हणजे बोलून. ती आधी हसली, मग रागावली, आणि शेवटी माझ्याच भाषेत बोलली: "वाटाणे भिजत घालून तासाभराने बघता का शिजले का ते?" नाही म्हणाले. "मग कॅप्सूललाही भिजवायला वेळ द्या. एका वेळी एकच औषध, डब्यावर लिहिलं आहे तेवढंच. ढकलणारी गोळी झोपताना घेतली तर काम सकाळी करते, कधी दुपार होते, म्हणून पहाटे आणखी काही टाकायचं नाही. भुसा घ्यायचा तर मोठा पेला भरून पाण्याबरोबर, नाहीतर तो आतच बोळा होऊन बसतो. आणि शेजारणीच्या पर्समधलं काहीही पोटात घालायचं नाही." पोट आवळून धरणारी ती गुडघ्याची गोळीच होती, ती तिने बदलली. जबर गोळी देताना पोटाचं आधीच सांगायला हवं होतं, हेही कबूल केलं. मोठ्या मनाची पोर आहे.

आता पाणी पिते, फळं खाते, सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत काठी टेकत जाते, आणि सगळं आपापल्या गतीने चालतं. रोज नाही. ती म्हणाली, रोजच व्हायला हवं असं कुणी सांगितलं? कुणाचं दिवसातून दोनदा, कुणाचं दोन दिवसांतून एकदा, त्रास नसेल तर दोन्ही बरोबर. हे वाक्य सूनबाईला दोनदा लिहायला सांगणार होते, पण तू मनात दोनदा वाच. घरी सगळ्यांना यथायोग्य सांग.

तुझी,
थोरली

ता. क. — एवढी लाज उघड्यावर वाळत घातली ती काही गंमत म्हणून नाही. तुझी सून माझ्या सुनेशी फोनवर बोलते हे तू विसरलास. वर्षभर तू रोज रात्री जुलाबाच्या दोन गोळ्या घेतोस, सहाच्या ठोक्याला मोकळं व्हायलाच हवं म्हणून. आताशा तीन लागतात, आणि वेळ चुकेल म्हणून कुठे बाहेरगावी जात नाहीस. पोट म्हणजे भिंतीवरचं घड्याळ नव्हे रे, रोज चावी द्यायला. मी विचारून घेतलं आहे: आठवड्याहून जास्त गोळी लागत असेल तर गोळी वाढवायची नाही, डॉक्टरकडे जायचं. आणि पट्ट्याला तू आपल्या बारीक हत्याराने दोन नवी भोकं पाडलीस, तेही मला कळलं. ते नुसतं पोट नव्हे, अंगच उतरतं आहे. ह्याच आठवड्यात जा, लेकाला बरोबर ने. आणि पोटाचं आधी सांग, गुडघा नंतर दाखव.

आणखी ता. क. — खरं सांगायचं तर तिसऱ्या दारापुढचं मला काही आठवतच नव्हतं. लहानपणी मी तिसऱ्या दाराशी झोपून जायची, राक्षस नेहमी तूच मारायचास. त्या दिवशी पोटाने अब्रू घेतली तशी वाचवलीही. आता चाळीस पोरं सूनबाईच्या मागे लागली आहेत की राक्षस खरा कसा मेला ते सांगा. मोठ्या बाईंनी पुढच्या महिन्याची तारीख दिली आहे. मी त्यांना सांगून टाकलं की ठाऊक असलेला माणूस येतो आहे. (खरंच सांगितलं आहे, मामा. फळ्यावर लिहूनही झालं. — सून.)

तुझ्या परसातल्या झाडाची पपई पाठव. पिकलेली, अंगठ्याने दाबली की दबेल अशी. पार्सलने नको, चेंगरते. डॉक्टरांना दाखवून झालं की माणसाबरोबर पाठव, आणि माणूस दुसरा शोधू नकोस.