रात्र सरण्याचा नियम

३ जानेवारी, रविवार
मुलीने माझ्या वाढदिवसाला कॉम्प्युटरवरची गेम पाठवली. ती नोकरीसाठी दूर गेल्यापासून फोनवर आमचं बोलणं "जेवलीस का", "जेवले", "तू जेवलास का", "जेवलो" एवढ्यावर आटोपतं. म्हणून दर रविवारी संध्याकाळी पाचला दोघांनी आपापल्या घरून मिळून खेळायचं, असा तिचा बेत. बर्फाळ जंगल, दोन माणसं. लाकडं तोडायची, झोपडी बांधायची, जगायचं.
ठराव : रविवारी पाच म्हणजे पाच. जग इकडचं तिकडे झालं तरी.
आज उपासमारीने चारदा मेलो. मुलगी म्हणाली, बाबा, समोर झुडपावर फळं आहेत, खा की. म्हटलं, न धुता?

५ जानेवारी
गेम अर्धवट आहे असं कळलं. अर्धवटच विकतात, खेळणाऱ्यांची मतं घेतात, मग सवडीने पूर्ण करतात. याला अर्ली ॲक्सेस म्हणतात. मी पंपांच्या कारखान्यात बावीस वर्षं तपासणी खात्यात आहे. माझ्या टेबलावरून अर्धवट पंप बाहेर गेला असता तर पाठोपाठ मीही गेलो असतो. पण मत मागतातच आहेत तर देऊ. चौदाशे शब्द. अंगठा खाली.

६ जानेवारी, सकाळी ७.१०
माझं मत तिघांना 'उपयुक्त' वाटलं, एकेचाळीस जणांना 'विनोदी'. ही दोन बटणं फार जवळजवळ आहेत. तसं कळवलं.
'गारठलेला बोका' नावाच्या एकाने विचारलंय, काका, खेळलात सव्वा तास आणि लिहिलंत एवढं? मताशेजारी खेळलेला वेळ दिसतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. उत्तर दिलं की पंप तपासणारा पंपाचं पाणी पीत बसत नाही. शिवाय मी काका आहे हे त्याला कशावरून कळलं?

१० जानेवारी, रविवार
बरोबर पाचला बसलो. बोक्याचं उत्तर आलेलं. त्याला गप्प करेपर्यंत सहा वाजले. तोवर मुलीने झोपडीच्या तीन भिंती उभ्या केल्या. म्हणाली, असू दे बाबा, तू नुसती लाकडं आण. एक झाड तोडलं. ते माझ्याच अंगावर पडलं.
बायको मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, अहो, लेकीशी खेळायला बसता की परक्यांशी भांडायला? तिला अर्ली ॲक्सेस समजत नाही.

१७ जानेवारी, रविवार
ठराव : आज लिहायचं नाही. फक्त खेळायचं.
४.४० : झाड पडतं तेव्हा कपाट सरकवल्यासारखा आवाज येतो, तेवढं कळवलं. छोटंसंच. सहाशे शब्द.
मुलीने माझ्यासाठी बिछाना बनवलाय, खिडकीजवळ. गेममध्ये एक नियम आहे : दोघंही आपापल्या बिछान्यात झोपल्याशिवाय रात्र सरत नाही. बाहेर लांडगे. म्हणजे मी येईपर्यंत ती शेकोटीपाशी बसून. फोनवर दोनदा म्हणाली, बाबा, ये ना झोपायला. म्हटलं, आलोच, एवढं वाक्य संपवतो. वाक्य लांबलं.

२४ जानेवारी, रविवार
तोच प्रकार. मी बोक्याशी चर्चेत, ती शेकोटीपाशी. अर्ध्या तासाने म्हणाली, बाबा, लाकडं संपली, शेकोटी विझली. आवाज एवढासा झालेला. मला मनापासून संताप आला. नियमाचा! एकजण कामात असेल तर दुसऱ्याने अंधारात ताटकळत बसायचं, हा काय न्याय झाला? ताबडतोब लिहायला घेतलं. शीर्षक : 'माझ्या मुलीचा खोळंबा'. दोन हजार शब्द. करतो ते सगळं तिच्यासाठीच.

३१ जानेवारी, रविवार
पाचला मुलीचा फोन. म्हटलं, आज नको, तुझ्याच कामात आहे, नियम बदलण्यासाठी सह्या जमवतोय. बरं म्हणाली. समजूतदार आहे, माझ्यावर गेलीय.
बोकाही सही द्यायला तयार झाला. पण म्हणतो, काका, तुम्ही सरळ जाऊन झोपलात तर नाही का चालणार? या पिढीला मुद्द्याला धरून बोलताच येत नाही.

७ फेब्रुवारी, रविवार
पाचला फोन आला नाही. बरंच झालं. सह्यांमध्ये गढलो होतो.

१८ फेब्रुवारी
जिंकलो! गेमची नवी आवृत्ती आली. बदलांच्या यादीत नववा : 'एका खेळाडूने चिकाटीने लावून धरलेल्या तक्रारीनुसार, यापुढे एकजण झोपला तरी रात्र सरेल.' एक खेळाडू म्हणजे मी. प्रिंट काढून कारखान्याच्या नोटीस बोर्डावर लावली. साहेबांनी विचारलं, हा कुठला पंप?
बायकोला वाचून दाखवलं. तिने कागद हातात घेऊन स्वतः वाचला. मग म्हणाली, म्हणजे आता तिला तुमच्यासाठी थांबायची गरज नाही? म्हटलं, अगदी बरोबर! पहिल्यांदाच तिला मुद्दा कळला.

२१ फेब्रुवारी, रविवार, ५.००
पाच म्हणजे पाच. झोपडीत हजर. चौथी भिंत झालीय, छप्परही. मुलगी नाही. दारावर पाटी : 'बाबा, तुझा नियम लागू झाला, अभिनंदन. आता एकटीने रात्र काढता येते म्हणून पुढे निघाले. तुझा बिछाना तसाच ठेवलाय.'

५.२०
फोन केला. मागे पाण्याचा, हसण्याचा आवाज. रविवारी पाचला आता मैत्रिणींबरोबर पोहायला जाते म्हणाली. गेम सकाळीच खेळून घेते. म्हटलं, मग मलाही सकाळीच जमेल. ती म्हणाली, अरे बाबा, गेममध्ये मी डोंगरापलीकडे पोचले, तुला एकट्याला नाही रे यायला जमायचं. तिचा सूर रागाचा नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.
मग तिने विचारलं, जेवलास का? म्हटलं, जेवलो.

५.४५
शेकोटी पेटवता येत नाही. कशी पेटवतात ते कधी विचारलंच नाही. मत लिहायला घेतलं : 'जुना नियम परत आणा.' पुढे काही सुचेना. चार शब्द. शेजारी आकडा दिसत होता : खेळलेला वेळ तीन तास चाळीस मिनिटं. त्यातला तिच्याबरोबरचा किती, ते वेगळं दाखवत नाहीत. तीही तक्रार करता आली असती. नाही केली. चार शब्दही पुसले.

५.५२
गेममध्ये अंधार पडला. खिडकीजवळच्या बिछान्यात झोपलो. एकटाच. रात्र तेवढ्यात सरली.
नियम व्यवस्थित चालतोय. तपासून पाहिला. पास.