स्वस्त ठरलेलं खोरं

प्रिय आई,

हे पत्र ऑक्सिजनच्या गाडीवाल्याच्या हाती देते आहे. त्याला बजावलंय, मेट्रनबाईंच्या टेबलावर ठेवून पळायचं नाही, त्यांच्या हातात द्यायचं आणि त्या खुर्चीत बसून वाचायला लागेपर्यंत जागचं हलायचं नाही. तो हसून म्हणाला, त्या बसतात तरी कधी? बघ, घाटापलीकडच्या गाडीवाल्यालाही ठाऊक आहे. फोनवर तुझ्याशी बोलायची सोय नाही. मी 'आई, जरा ऐक ना' म्हणायचं, तू 'वॉर्डात आहे गं, नंतर' म्हणून ठेवून द्यायचं, आणि ते नंतर काही उजाडायचं नाही. तेव्हा आता बस. चष्मा लाव. आणि माझं म्हणणं संपेपर्यंत मध्ये उठू नकोस, कोणी हाक मारली तरी.

काल आमच्या आरोग्य खात्यात ती बैठक झाली. तुमच्या हॉस्पिटलला नोटीस आली आहे ना, दोन वर्षं खर्च मानकापेक्षा जास्त झाला, तर प्रसूतीचा वॉर्ड का बंद करू नये म्हणून, त्याच विषयाची. मी नेमकं काय काम करते हे तू लोकांना 'आकडेमोडीचं काहीतरी' असं सांगतेस, म्हणून आज नीट सांगते. एका पेशंटमागे हॉस्पिटलला किती खर्च यावा याचं एक मानक सरकार ठरवतं. पण सगळीकडे भाव सारखे नसतात, म्हणून प्रत्येक प्रदेशाला आम्ही एक गुणक देतो. शहराला शंभर धरलं, तर जिथे महागाई जास्त तिथे एकशे दहा, जिथे कमी तिथे नव्वद. त्या हिशेबात तुमच्या खोऱ्याला मिळालेत ब्याऐंशी! म्हणजे शहरात ज्या कामाला शंभर लागतात ते तुम्ही ब्याऐंशीत करायचं. तिथे पडद्यावर नकाशा लावला होता, महाग प्रदेश लाल आणि स्वस्त प्रदेश हिरवे. आपलं खोरं हिरवंगार. शेजारचा सहकारी माझ्याकडे वाकून म्हणाला, मजा आहे बुवा तुमच्याकडची, सगळंच स्वस्त. त्याला ग्लासातलं पाणी फेकून मारावंसं वाटलं, पण तोही बिचारा काय चुकीचं बोलत होता? कागदावर खोरं खरंच स्वस्त आहे.

ते स्वस्त कसं झालं हे शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. गुणकात सगळ्यात मोठा वाटा असतो पगारांचा. तुमच्याकडे पेशंटमागे पगारावर होणारा खर्च शहराच्या मानाने कितीतरी कमी दिसतो. का दिसतो? तीन नर्सच्या जागा रिकाम्या आहेत, आणि त्यांचं काम तू, तिथेच नर्स असलेली मावशी आणि त्या दोन नव्या पोरी मिळून करता. पाळी संपल्यावर करता, सुट्टीच्या दिवशी करता, आणि हजेरीपटावर मात्र ठरलेलेच तास लावता. ज्या तासाचा पगार निघत नाही तो तास आमच्या हिशेबात जन्मालाच येत नाही, आई. आमचा हिशेब इतकंच बघतो की, काम झालं आणि खर्च कमी आला, म्हणजे इथे काम स्वस्तात होतं. मग गुणक खाली. मग निधी कमी. जनरेटरचं डिझेल काही कमी निधीत चालत नाही, घाट चढून येणारा ऑक्सिजन काही स्वस्त होत नाही, म्हणून खर्च मानकाच्या वर जातो, आणि नोटीस येते. आणि नोटीस आल्यावर तू काय केलंस? आणखी एक पाळी स्वतःच्या अंगावर घेतलीस! पैसे वाचवायला. म्हणजे पुढच्या वर्षी आम्ही तुम्हाला ऐंशीवर आणायला मोकळे. मी बैठकीत बसून हे सगळं मनात मांडत होते.

तुझ्या त्या 'भागवून घेऊ'चा मला लहानपणापासून राग आहे. शाळेच्या गॅदरिंगला मी स्टेजवर, आणि खाली शेजारच्या काकू माझ्या आईच्या जागी, कारण तू वॉर्डात भागवून घेत होतीस. शाळा सुटली की मी तुमच्या चादरींच्या खोलीत येऊन बसायचे. इस्त्रीच्या कपड्यांचा तो ऊन वास, ते उंच रॅक, आणि दाराच्या फटीतून सारखे इकडून तिकडे जाणारे तुझे पांढरे बूट. किती वेळा तिथेच झोप लागायची. जाग आली की अंगावर हॉस्पिटलचं ब्लँकेट असायचं, पण तू नसायचीस. मला वाटायचं, सगळ्यांच्या आया अशाच असतात, पायापासून वर दिसत नाहीत. आता हसू येतं. तेव्हा मात्र मी तुझ्यावर जाम चिडलेली असायचे, आणि तुला ते कळायलासुद्धा तू घरी असायला हवी होतीस ना.

आणि ती पाहणी आठवते? आरोग्य खात्याचे इन्स्पेक्टर येणार म्हणून तू सगळं हॉस्पिटल घासूनपुसून लखलखीत केलंस, आणि नर्स कमी दिसायला नकोत म्हणून लाँड्रीवाल्या काकूंना कडक इस्त्रीचा युनिफॉर्म घालून कॉट नंबर चारपाशी उभं केलंस! इन्स्पेक्टर काहीही विचारो, काकूंचं एकच उत्तर, मेट्रनबाईंना विचारा. आणि त्या शहाण्याने शेरा काय मारला, कर्मचारी पुरेसे आणि शिस्तबद्ध. आम्ही घरी पोट धरधरून हसलो होतो. मावशी तर जमिनीवर बसून हसत होती. आज त्या शेऱ्याचं मला हसू येत नाही. तुम्ही इभ्रत राखली, आणि खात्याला वाटलं इथे काही कमीच नाही. माणसं कमी आहेत हे सांगणं म्हणजे आपला कमीपणा, हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं कोण जाणे. मी मोठी झाले, या खात्यात लागले, पण तुझ्यापुढे हे बोलायची हिंमत काही झाली नाही.

काल मात्र बोलले. तुझ्यापुढे नाही, साहेबांपुढे. आमचे मोठे साहेब म्हणजे दशांशसाहेब, आम्ही त्यांना तेच म्हणतो, कारण ते घरी भाजी घेतानाही दोन दशांश स्थळांपर्यंत भाव करत असणार. बैठकीत मी उभी राहिले आणि म्हटलं, हा गुणक चुकीचा आहे, फुकट केलेल्या कामाला तुम्ही स्वस्त काम समजताय. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, हे तुम्हाला कसं ठाऊक? तेव्हा सांगावंच लागलं की तिथली मेट्रन माझी आई आहे. आई, मला वाटलं झालं, आता घरी पाठवतात. माणूस सरळ आहे पण. ते म्हणाले, सांगितलंत ते बरं केलंत, आता या प्रकरणातून तुम्ही बाजूला. तुमच्या शब्दावर मी आकडा हलवणार नाही, पण तिथे जाऊन मोजायला माणसं पाठवतो. सोमवारपासून आठवडाभर तीन जणांचं पथक तुमच्याकडे बसणार आहे. कोण किती तास काम करतं, कुठल्या कामाला खरा खर्च किती येतो, ते मोजणार. त्यावरून गुणक पुन्हा ठरेल, आणि मग वॉर्डाचा निर्णय. मी पथकात नाही. ते तिथे असेपर्यंत मला हॉस्पिटलात पाऊलही ठेवायचं नाही, अशी लेखी ताकीद आहे. तुला पत्र लिहू का, हे मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, लिहा, पण एकही खोटा तास लावायला सांगू नका. मी म्हटलं, साहेब, खोटे तास कसले, खरे लावले तरी पुष्कळ आहेत.

आता तुझी परीक्षा आहे, आणि तू त्यात काय करशील ते मला इथे बसून दिसतंय. रविवारी तू फरशा धुवून घेशील. मावशीला म्हणशील, पाहुण्यांसमोर कुरकुर नको. पाळी संपल्यावर सही करशील आणि मागच्या दाराने परत वॉर्डात शिरशील. पथक तुमच्या टापटिपीचं कौतुक करून जाईल आणि खोरं ब्याऐंशीवरच राहील. आई, हात जोडते, तसं करू नकोस. तीन रिकाम्या जागांसाठी बदली नर्सची मागणी कर. नियमात तरतूद आहे, मेट्रनची सही लागते, आणि तुझी सही आजवर त्या मागणीवर कधी झालेलीच नाही. तू म्हणशील, शहरातून बाई येणार, दुप्पट पगार घेणार, वर जाण्यायेण्याचं भाडं, राहायची खोली, तेवढ्यात वर्षाची औषधं येतात. अगं, तेच तर दिसायला हवंय! खोऱ्यात एक नर्स उभी करायला खरंच किती लागतात, ते बिल त्या तिघांच्या हातात पडू दे. मागणी गुरुवारी संध्याकाळपर्यंत पोचली तर माणसं सोमवारी सकाळी हजर होतील. उशीर झाला तर नाही होणार. त्यात मी काही करू शकत नाही.

मला माहीत आहे हे तुझ्या किती जिवावर येईल. पथक तुला विचारेल, इतकी वर्षं हे तास का लावले नाहीत, आणि तुला मान खाली घालून उत्तर द्यावं लागेल. निवृत्तीला थोडे दिवस राहिलेत, त्यात एखादा ठपकाही येईल. तुझ्या नावावर डाग म्हणजे तुला जीव गेल्यासारखं. आणि एवढं करून वॉर्ड वाचेलच असं वचन मी देत नाही, साहेबांनी मलाही दिलेलं नाही. वॉर्ड गेला तर बायांना वेणा सुरू झाल्यावर घाट ओलांडावा लागेल, आणि दरड कोसळली की तो घाट कसा बंद होतो हे तू मला सांगायला नको. म्हणून वॉर्डाचं दार बंद होऊ नये यासाठी तू स्वतःलाच त्यात आडवं घातलंयस, मला कळतं ते. कळतं म्हणूनच इतकी चिडते.

आता जे लिहायचं म्हणून बसले ते लिहिते, एवढा वेळ आकड्यांच्या आडोशाला उभी होते. मागच्या आठवड्यात मावशीचा फोन आला. आधी हवापाण्याचं बोलली, मग रडायलाच लागली. चादरींच्या खोलीत तू कोसळलीस, ओठ काळेनिळे पडले होते, डावा हात उचलत नव्हता, आणि शुद्धीवर येताच तू सगळ्यांना माझी शपथ घातलीस, मला कळवायचं नाही म्हणून. डॉक्टरांनी ताबडतोब शहरात जायला सांगितलं, तर म्हणालीस, माझ्या जागेवर कोण उभं राहणार? आणि तोंड धुऊन बाळंतपणाला उभी राहिलीस. आई, मावशीवर ओरडू नकोस, तिला भीती वाटली. मलाही वाटते आहे. हृदयाच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ मी घेतली आहे, रजा टाकली आहे, गाडी ठरवली आहे. तुझी पहिली पाळी संपेल तेव्हा मी हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर उभी असेन. आत येऊन तुला ओढून न्यायची मला मनाई आहे, आणि आले तरी तू काय येणार होतीस! तुझ्या जागेवर दुसरं कोणी उभं असल्याशिवाय तू वॉर्ड सोडणार नाहीस, हे मला माहीत आहे. म्हणून आधी त्या मागणीवर सही कर, गाडीवाला परत फिरण्याआधी, त्याच्याच हाती दे. आणि सोमवारी पाळी संपली की बाहेर ये.

तुझीच,
भांडकुदळ