सावलीसकट

१२ ऑक्टोबर, शनिवार

आठवा दिवस. फोन नाही.

क्लेव्हरचा शेवटचा आवाज चार तारखेचा. "नार्सी, आज सीमेपलीकडे चालायला लागतोय. फोन बंद ठेवायला सांगितलंय. आपल्या दामारिसला म्हणावं, पंधराव्या वाढदिवसाला नाचायला नसलो तरी बूट मीच पाठवीन." मागे एक कुत्रं भुंकतंय. दिवसातून दहादा ऐकते. आता ते भुंकणंसुद्धा पाठ झालंय!

सासूबाई विचारतात, "वाजला का?" नाही म्हटलं की मक्याचं भांडं चुलीवर आदळतात. जसा काही मीच तो बंद करून ठेवलाय.

१३ ऑक्टोबर, रविवार

नदीकाठी फोटो होता. आजी, सून, तीन मुलं. मुलगा उत्तरेत, अमेरिकेत, पाच वर्षं झाली. म्हणजे नेहमीसारखंच, मधे एका माणसाची जागा सोडायची.

आमच्या बिब्लियान गावात कुटुंबाचा फोटो म्हणजे कोणीतरी नसणारच. आतापर्यंत त्या जागेत क्लेव्हर उभा राहायचा. उंचीचा अंदाज येतो, खांद्याला खांदा लागतो, सावली खरी पडते. मग घरी बसून मी त्याची मान कापायची आणि नसलेल्या माणसाचं डोकं बसवायचं. गावातल्या निम्म्या भिंतींवर माझ्या नवऱ्याचं धड आहे आणि वर कोणाकोणाचे चेहरे. म्हणून तो तिथे उभा राहून वेडीवाकडी तोंडं करायचा. जीभ काढ, डोळे तिरळे कर. "तू कापणारच आहेस, मग सरळ कशाला ठेवू?" पोरं हसायची, फोटो चांगले यायचे.

आज तिवईला त्याचा पोंचो घातला, वर टोपी ठेवली. धाकटा ओरडला, "बाबाला तीन पाय!" सगळे हसले. मीही हसले. मग डोळे पुसायला कॅमेऱ्यामागे गेले. कॅमेऱ्यामागे असण्याचा एवढा तरी फायदा.

१६ ऑक्टोबर, बुधवार

नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

तार्हेलिया आली होती. लाउरोची बायको. लाउरो आणि क्लेव्हर एकाच दिवशी, एकाच गाडीतून निघाले. त्याचाही शेवटचा फोन चार तारखेचा. आम्ही दोघी बाजारात भेटलो की आधी एकमेकींच्या तोंडाकडे बघतो, बोलतो नंतर.

तिच्या तान्हीचा बाप्तिस्मा झाला. फोटो हवा, लाउरोसकट. आधी ठरलेला प्रश्न विचारावाच लागतो, जिवंत की गेलेला? जिवंत असेल तर पाय जमिनीवर आणि सावली. गेलेला असेल तर छातीपर्यंत, वर कोपऱ्यात, ढगात. सावली नाही. मी तोंड उघडायच्या आतच ती म्हणाली, "सावली घाल हं. चांगली दाट घाल. लांबून दिसली पाहिजे."

"घालते ना बाई. का नाही घालणार?"

"तसं नाही... तू विचारशील म्हणून आधीच सांगितलं."

वर टेकडीवर निलगिरीच्या झाडांशी घेतला. ऊन चांगलं होतं. तिवई नेली नाही, आणि जागेत कोणालाच उभं केलं नाही. तार्हेलिया रिकाम्या बाजूला हात पुढे करून उभी राहिली, कोणाच्या तरी कमरेभोवती ठेवल्यासारखा. दुसऱ्या हातावरचं बाळ रडत होतं. मी एकदाच बटण दाबलं.

२० ऑक्टोबर, रविवार

लाउरोला धड शोधलं. उंची क्लेव्हरएवढीच. ऑगस्टमधला एक फोटो मिळाला, तीच टेकडी, तेच ऊन. अंगात हिरवा स्वेटर, सासूबाईंनी विणलेला, छातीवर लामांची रांग. त्यातल्या एका लामाला पाय तीनच. त्या दिवशी सासूबाईंचे टाके चुकले होते आणि कबूल करायला तयार नव्हत्या. "तो पाय मागे आहे, दिसत नाही!"

मान कापली. गळ्याच्या खळगीशी दोन तीळ आहेत क्लेव्हरला, शेजारी शेजारी. ते नेहमी पुसावे लागतात. एकदा एक आई भांडायला आली होती, "माझ्या पोराला कुठे आहेत तीळ?" तेव्हापासून विसरत नाही. लाउरोलाही तीळ नाहीत. पुसले. लाउरोचा चेहरा लग्नाच्या व्हिडिओतून घेतला. हसरा आहे. स्वेटर त्याला शोभतो!

तार्हेलियाला म्हटलं, छापून होईल पंधरा दिवसांत.

२३ ऑक्टोबर, बुधवार

दामारिसशी भांडण. नऊ नोव्हेंबरला पंधरा पूर्ण. तीन तारखेला फोटो ठरलेत, चर्चच्या पायऱ्यांवर, गुलाबी पोशाखात. मला म्हणते, "माझ्या फोटोत जागा सोडायची नाही."

"का?"

"मला बाबाचं कापलेलं धड नकोय. नाही तर नाही. जे आहेत तेवढेच घे. लोकांच्या घरी जाऊन बघ, सगळे त्या खोट्या माणसाला चिकटून उभे. जिवंत माणसंच पोकळ दिसतात."

थोबाडीत मारल्यासारखं झालं. मी म्हटलं, त्या खोट्या माणसांवर तुझी शाळा चालते. हे बोलायला नको होतं. ती उठून गेली.

सासूबाईंनी कोपऱ्यातून शेरा मारलाच, "रद्द करायचा विचारसुद्धा करू नका. वाढदिवस रद्द केला म्हणजे तो मेला असं गावाला सांगितल्यासारखं." बरोबर आहे त्यांचं. मला राग येतो त्या बरोबर असल्या की.

२६ ऑक्टोबर, शनिवार

बावीस दिवस. मी आता मोजणार नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार

तेवीस.

३० ऑक्टोबर, बुधवार

राजधानीतल्या स्थलांतरितांच्या कचेरीतून फोन. बाईचा आवाज, गोड, सावकाश. मी तेव्हाच बसले. गोड आवाजात कोणी चांगली बातमी देत नाही.

वाळवंटात एक पुरुष सापडलाय. कागद नाहीत. स्वेटरच्या खिशात माझं कार्ड होतं, फोटोंचं. त्यावरून फोन केला. चेहरा ओळखण्यासारखा नाही. "कपड्यांचा फोटो पाठवते. तुम्ही तयार असाल तेव्हाच उघडा."

उघडला. हिरवा स्वेटर. लामांची रांग. एकाला पाय तीन.

सासूबाईंनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. त्या किंचाळल्या नाहीत. नुसतं बोट त्या तीन पायांवर ठेवलं आणि म्हणाल्या, "माझीच चूक आहे ती." मग खाली बसल्या.

पुढचं लिहवत नाही.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

पण लिहायलाच हवं. इथे नाही तर कुठे?

सकाळी तो फोटो मोठ्या पडद्यावर लावला. गळ्याशी स्वेटर ओढला गेलाय. चेहऱ्यावर कापड, पण हनुवटीखालचा भाग उघडा आहे. खळगी दिसते. तीळ नाहीत!

मोठं करून पाहिलं. फोडून फोडून पाहिलं, ठिपके ठिपके होईपर्यंत. नाहीत. मी नवऱ्याचं धड दोनशे वेळा कापलंय. मानेची रेघ डोळे मिटून काढीन. हा क्लेव्हर नाही.

सासूबाईंना सांगितलं. काळे कपडे घालून बसल्या होत्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "स्वेटर कोणाचा?"

"स्वेटर त्याचा. माणूस तो नव्हे."

"उन्हात महिनाभर पडल्यावर तीळ राहतात होय? तुझं डोकं फिरलंय, पोरी. सही कर. माझ्या पोराला कोल्ह्यांच्या गावात ठेवू नकोस."

सही म्हणजे, ओळख पटली असं लिहून दिलं की शवपेटी तिकडून निघते. कचेरीने मंगळवारपर्यंत वेळ दिलाय.

दामारिस पडद्यापाशी आली. हळूच म्हणाली, "आई, ते तीळ तू इतक्या वेळा पुसलेस. तुला आता नक्की आठवतात का?"

रात्रंदिवस जिच्यासाठी राबले, तिने अगदी वर्मावर बोट ठेवलं.

आणि एक प्रश्न आहे. तो क्लेव्हर नाही, तर स्वेटरात कोण? हे मी लिहीत नाही. तार्हेलियाचा फोटो छापून आलाय, तो भिंतीकडे तोंड करून ठेवला.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

जुने फोटो उपसले. मूळ फोटो बहुतेक पुसून टाकलेत, जागा पुरत नाही म्हणून. काय बाई मी! वाचले तेवढे बघितले. जीभ बाहेर, डोळे तिरळे, गाल फुगवलेले. एकाही फोटोत धड चेहरा नाही. तीळ मात्र सगळ्यांत आहेत. दोन. शेजारी शेजारी.

दामारिसला दाखवले. जीभ काढलेला बघून हसली आणि मग रडली. "तीळ आहेत, आई," म्हणाली. पण त्या दुसऱ्या फोटोत नाहीत असं ती म्हणाली नाही. कचेरीचा फोटो धूसर आहे, मलाही ठाऊक आहे.

२ नोव्हेंबर, शनिवार

मृतांचा दिवस. स्मशानात सगळं गाव. जांभळी पेज, मेलेल्यांसाठी भाजलेली पावाची बाळं, फुलं. सासूबाईंनी सासऱ्यांच्या थडग्यावर दोन बाळं ठेवली. एक सासऱ्यांसाठी. दुसऱ्याच्या अंगावर हिरव्या साखरेची नक्षी.

मी ते उचललं. लोकांदेखत. "अजून नाही," म्हटलं.

"ठेव ते खाली."

"नाही ठेवणार."

माझा हात धरला त्यांनी. सत्तर वर्षांची बाई, पण पकड काय! बाळाचं डोकं मोडून पडलं. दोघी तिथेच उभ्या, मधे ते धड. मला भयंकर हसू आलं आणि त्यांना वाटलं मी खरंच वेडी झाले. समोरच्या थडग्यापाशी तार्हेलिया तान्हीला घेऊन बसली होती. तिने सगळं पाहिलं. जवळ येऊन म्हणाली, "धीर धर ग, नार्सिसा. देव तुझ्यावर रागावला नसेल. माझा फोटो झाला का?"

म्हटलं, अजून नाही.

खोटं बोलले.

३ नोव्हेंबर, रविवार

फोटो झाले. गावाने तोंडात बोटं घातली, घरात सुतक आणि पोरीला गुलाबी पोशाख! घालू देत.

चर्चच्या पायऱ्यांवर वारा होता. सासूबाई काळ्यात आल्या, दामारिसच्या मागे उभ्या राहिल्या, ताठ. मी कॅमेरा लावला. मी स्वतः डावीकडे जाणार होते, कॅमेऱ्याचं घड्याळ लावून. जागेचा विषयच काढला नाही.

दामारिसने पायाशी बघितलं, आणि एक पाऊल उजवीकडे सरकली. आपणहून. मधे एका माणसाची जागा.

सासूबाईंनी ते पाहिलं. त्या हलल्या नाहीत, पण जागा भरलीही नाही.

दहा सेकंदांत पोचायचं होतं. पोचले. फोटोत माझा चेहरा बघण्यासारखा नाही. असू दे, क्लेव्हरच्या शेजारी शोभेल.

४ नोव्हेंबर, सोमवार

थकले. उद्या अकराला सहीसाठी त्या कचेरीच्या क्वेंकातल्या शाखेत. सासूबाई सकाळी माझ्या पायाशी बसल्या. त्या! माझ्या पायाशी! म्हणाल्या, "तू म्हणतेस तसं असेल. पण कोणाचं तरी पोर आहे ना ते? माझंच समजून आणू. माझ्या टाक्यांत गुंडाळलेलं आहे."

मी सही करीन म्हटलं. दोन तिळांवर किती दिवस घर उभं राहणार! कदाचित पोरगी खरं बोलली. इतकं पुसलं की आता मलाच दिसत नाहीत.

तार्हेलियाला निरोप पाठवला, फोटो उद्या चारला घेऊन जा. किती दिवस लपवणार.

५ नोव्हेंबर, मंगळवार

क्वेंकाच्या बसमध्ये फोन वाजला. परदेशी नंबर. सही करायचं पेन हातातच होतं.

"नार्सी? तीनच मिनिटं देतात इथे. पकडलंय आम्हाला, कोंडून ठेवलंय, पण मी ठीक आहे. रडू नकोस, ऐक. बूट राहिले ग. आणि लाउरो पोचला का? पळापळीत चुकामूक झाली. थंडीने नुसता कापत होता, माझा स्वेटर दिला त्याला. आईला म्हणावं, रागावू नकोस, तो परत आणून देईल."

हो म्हटलं नाही. नाही म्हटलं नाही. फोन तुटला.

सही न करताच घरी आले तेव्हा साडेतीन झाले होते. फोटो भिंतीकडून फिरवला. लाउरो हसतोय, अंगात हिरवा स्वेटर, पायाशी दाट सावली. दारावर थाप पडली. तार्हेलिया नेहमी वेळेच्या आधी येते.