घरी जा, असं कुणी म्हणत नाही

१४ मार्च, दुपार

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. आम्ही बरे आहोत, म्हणजे पत्रात लिहिण्याइतपत बरे. तुझं शिवणकाम कसं चाललंय? पोरगी आता कुणासारखी दिसते, असं आईनं विचारलंय. "बापासारखी" हे उत्तरही तिनंच देऊन टाकलंय.

बातमी मोठी आहे. कारखान्याचा नाला बंद झाला. काल नळ सोडला तर पाणी बिनरंगाचं आलं. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "चुकून दुसऱ्या कुणाचं आलं असेल गं." जांभळ्या पाण्याची इतकी सवय झालीय आम्हाला. मी एक पेला भरून प्रार्थनाघरात दादाच्या जागेपाशी ठेवून आले.

तिथं अजून कुणी बसत नाही. गर्दी झाली तर लोक मागं उभे राहतात. नव्या माणसालाही ते न सांगता कळतं.

बाबा अंथरुणाला खिळलेत. तुला ठाऊक आहे, आयुष्यभर प्रार्थना त्यांनी सांगितली. शेवटी म्हणायचे, "प्रार्थना झाली. आता घरी जा." मग सगळे उठायचे. दादा गेल्यापासून ते तिथवर यायचे आणि थांबायचे. मग आम्ही तसेच बसून राहायचो. कुणी खोकायचं, कुणाचं पोर रडायचं, आणि एकेकजण चोरासारखा बाहेर पडायचा. आता प्रार्थना मी सांगते, पण ते शब्द माझ्याही तोंडून निघत नाहीत. कुलूप लावताना आत कुणी राहिल्यासारखं वाटतं. मी हाकही मारते, वेड्यासारखी.

परवा बाबांना म्हटलं, "अंथरुणातूनच एकदा म्हणून टाका ना. लोक अवघडून जातात."

म्हणाले, "तो अजून बसलाय. एकदा म्हटलं तेवढं पुरे झालं."

वहिनी, लिहायचं होतं ते हेच, आणि मी नळाच्या गोष्टी सांगत बसले.

आम्ही कारखान्याच्या फाटकासमोर बसलो तेव्हा तू बाळंतपणाला हॉस्पिटलात होतीस. पोलिसांच्या साहेबांनी बाबांना शब्द दिला होता, प्रार्थना चालू आहे तोवर कुणाला हात लावणार नाही. म्हणून आम्ही ती थांबूच देत नव्हतो. एकाचा घसा बसला की दुसरा उचलून धरायचा. पुढे तुला सांगितलं, सगळ्यांना सांगितलं, की पोलीस चालू प्रार्थनेत घुसले. त्यावरच गावोगावची माणसं उठली, त्यावरच नाला बंद झाला.

तसं नव्हतं गं. संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लागले. दिवे लागले की प्रार्थना संपवायची, ही बाबांची उभ्या आयुष्याची सवय. त्यांच्या तोंडून निघून गेलं. आणि आम्हीही सवयीनं उठलो, चटया झटकू लागलो. साहेबांनी शब्द पाळला, वहिनी. पोलीस घुसले ते त्यानंतर. दादा पहिल्या रांगेत होता. वाकून चपला शोधत होता.

बाबांनीच लिहायला सांगितलं. "सुनेला खरं कळू दे. ती 'म्हणा' म्हणाली, तरच म्हणेन." डॉक्टरांना आता फारशी आशा नाही. हे चारचौघांत सांगायचं की नाही, ते तू ठरव. भांडायला ये, त्यांच्याकडे न बघता उभी राहा, पण ये. नाही आलीस तरी मी तुला बोल लावणार नाही.

आपल्याकडे पत्राच्या शेवटीही "प्रार्थना झाली" असं लिहितात. मला लिहवत नाही.

तुझी,
अजून बसलेली नणंद